रक्त न येणाऱ्या हिरड्या

हिरडी सुजली की दात घासताना रक्त येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या तोंडात भलतंच आश्चर्य घडतं. दाताला धरून ठेवणारं हाड आत झिजत असतं आणि वरची हिरडी फिकट, घट्ट, अगदी धडधाकट दिसते. ब्रशला रक्ताचा थेंब नाही!

एरवी सुजलेल्या हिरडीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, म्हणून ती लाल होते, चटकन रक्त येतं. धूर ही वाढच दाबतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्याने मंदावतात. म्हणजे चोर घरात शिरलेला आणि कुत्रं भुंकत नाही. मग हा चोर ओळखायचा कसा? नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘मेडिकल’च्या, परिसरात १९६८पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत घालतात. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर. ती ५-६ भरली, तर वरचा देखावा खोटा.

पानठेल्यावरच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची तऱ्हा वेगळी. तो गालात जिथे दाबून धरतात, मुख्यतः तिथलीच हिरडी खाली सरकते, तिथेच पांढरा चट्टा पडतो. धुरातलं निकोटिन मात्र फुप्फुसांतून रक्तात जातं आणि एकूण एक दाताच्या मुळाशी पोचतं. त्यात बिडी लहान म्हणून सौम्य, हाही भ्रमच. विदर्भाच्या जंगलातल्या तेंदूपानातून हवा नीट खेळत नाही. ओढत राहिलं नाही तर बिडी विझते. म्हणून झुरके जास्त आणि जोराचे. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, पण निकोटिन कमी नाही.

सगळ्यात नवल पुढेच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांच्या हिरड्या तपासल्या. चार ते सहा आठवड्यांत रक्त येणाऱ्या जागा १६ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेल्या, दातांची स्वच्छता बिघडलेली नसताना! दबलेली हिरडी पुन्हा प्रतिकार करू लागली होती.

नेमकं इथेच माणूस फसतो. ‘ओढत होतो तेव्हा बरं होतं’ म्हणत पुन्हा काडी पेटवतो. त्याऐवजी त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन कीटण काढून घ्यावं. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही. पण धूर थांबला की उपचार चांगले लागू पडतात आणि उरलेल्या हाडावर दात टिकू शकतात.