दाताच्या डॉक्टरची भीती: दुखणं दातात नाही, आठवणीत असतं

दाढ ठणकते, गाल सुजतो, रात्रभर झोप लागत नाही. लवंग, मिठाच्या गुळण्या, मेडिकलवरून आणलेली वेदनाशामक गोळी, सगळं करून होतं. पण दवाखान्याची पायरी काही चढवत नाही. अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. आणि आपण त्यांना काय म्हणतो? ‘एवढा मोठा झालास आणि दाताला घाबरतोस!’

या एका वाक्याने ती व्यक्ती आणखी गप्प होते. कारण ही भीती प्रत्येक वेळी भित्रेपणा नसते. अनेकदा ती मनावर बसलेल्या जुन्या घावाची खूण असते. हे दाखवून देण्यात नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ प्रा. आद द योंग यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग घालवला. त्यांचं काम समजून घेतलं, तर आपल्या घरातल्या माणसाकडे पाहण्याची नजर नक्कीच बदलेल.

दंतवैद्यांच्या कॉलेजात मानसशास्त्रज्ञ

द योंग हे अ‍ॅमस्टरडॅममधील ‘अ‍ॅक्टा’ या दंतवैद्यक शिक्षणसंस्थेत प्राध्यापक होते. दातांच्या कॉलेजात मानसशास्त्रज्ञाचं काय काम, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर आकड्यांत आहे. त्यांनी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १,९५९ डच प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण २४ टक्के लोकांनी दातांच्या उपचारांची भीती वाटते असं सांगितलं. सापांची आणि उंचीची भीती त्याहून जास्त लोकांना होती. पण भीती इतकी तीव्र की तिला आजार म्हणावं, म्हणजेच फोबिया, यात मात्र दातांचा नंबर पहिला लागला. प्रमाण होतं ३.७ टक्के.

साप टाळून आयुष्य काढता येतं. दात टाळून नाही काढता येत.

भीतीचं चक्र

भीती वाटते म्हणून माणूस जात नाही. न गेल्यामुळे साधी कीड खोलवर जाते. मग अगदी असह्य झाल्यावरच जावं लागतं आणि तेव्हा उपचारही मोठा, त्रासाचा असतो. त्यामुळे भीती आणखी पक्की होते. त्यात लाजेची भर पडते. ‘डॉक्टर माझं तोंड बघून काय म्हणतील?’ या विचाराने माणूस हसताना तोंडावर हात धरतो, लग्नकार्यात फोटो टाळतो.

ही भीती मोजताही येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये फक्त चार प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ‘उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे, तर कसं वाटेल?’ अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. पुढे १९९५ मध्ये जेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी त्यात भूल देण्याच्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न घातला. गुण ५ ते २५. १९ किंवा त्याहून जास्त आले, तर भीती अतितीव्र समजली जाते.

भीती येते कुठून?

बऱ्याच जणांच्या मनात एक ठरावीक प्रसंग रुतून बसलेला असतो. लहानपणी भूल न चढताच काढलेला दात, हातपाय दाबून धरलेले, रडल्यावर बसलेला ओरडा. काहींच्या बाबतीत मूळ घटना दाताशी संबंधितही नसते. ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे, त्यांच्यासाठी दवाखान्यातली खुर्ची फार कठीण ठरू शकते. आडवं पडायचं, कुणीतरी अगदी जवळ वाकलेलं, तोंडात हात, बोलता येत नाही, उठता येत नाही. मेंदूला तो जुना प्रसंग पुन्हा घडतोय असंच वाटतं. अशी व्यक्ती कारण सांगत नाही, फक्त ‘नको’ म्हणते.

द योंग यांच्या १९९५ मधील एका अभ्यासातून पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आली. दुखरा अनुभव आलेला प्रत्येक जण घाबरट होत नाही. त्याआधी काही साध्या, न दुखणाऱ्या भेटी झाल्या असतील, तर त्या एक प्रकारे ढाल ठरतात. म्हणजे मुलाला पहिल्यांदा दवाखान्यात न्यायचं ते दात दुखायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधीच. आणि ‘मस्ती केलीस तर डॉक्टरकडून सुई टोचून घेईन’ ही धमकी घरातून कायमची बंद.

उपचार आठवणीवर

त्याच वर्षी द योंग यांनी ५२ रुग्णांच्या अभ्यासात एक तासाचा उपचार करून पाहिला. ‘मी गुदमरेन’, ‘मला सहनच होणार नाही’ असे विचार एकेक करून तपासायचे आणि बदलायचे. तेवढ्याने भीती बरीच खाली आली.

पुढे ते ‘ईएमडीआर’ या पद्धतीकडे वळले. अमेरिकेच्या फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. यात रुग्णाने त्या प्रसंगातलं सर्वांत वाईट दृश्य मनात धरायचं आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवायची. याने काय होतं? एकोणतीसचा पाढा उलटा म्हणता म्हणता एखादं दृश्य डोळ्यांसमोर ठेवून बघा. दृश्य पुसट होतं, कारण मेंदूची एका वेळी काम करण्याची जागा मर्यादित असते. आठवण तशीच राहते, पण तिची धार जाते. हे नेमकं कसं घडतं यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा सुरू असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या मानसिक आजारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, या पद्धतीची शिफारस केली आहे.

त्याच वर्षी स्टेफान डोरिंग, द योंग आणि सहकाऱ्यांचा दंतभीतीवरचा अभ्यास आला. रुग्ण ३१, सरासरी चार वर्षांहून अधिक काळ दवाखाना टाळलेले. ईएमडीआर घेतल्यानंतर वर्षभराने सुमारे ८३ टक्के रुग्ण नियमित दंतोपचार घेत होते. अभ्यास लहान आहे, पण यातला प्रत्येक आकडा म्हणजे पुन्हा नीट जेवू शकणारा एक माणूस आहे.

दातांपासून सुरू झालेलं हे काम पुढे मोठ्या आघातांपर्यंत गेलं. बिल्टहोव्हन येथील ‘सायट्रेक’ केंद्राच्या उभारणीत द योंग यांचा वाटा होता. तिथे तीव्र पीटीएसडीच्या रुग्णांना दोन आठवड्यांत आठ दिवसांचे सघन उपचार देण्याची पद्धत विकसित झाली.

आपण काय करू शकतो?

- डॉक्टरांना आधीच सांगा: ‘मला खूप भीती वाटते.’ यात लाजण्यासारखं काही नाही.
- खूण ठरवून घ्या. हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. थांबवणं आपल्या हातात आहे, हे कळलं की निम्मी भीती उतरते.
- पहिली भेट फक्त तपासणीची ठेवा. विश्वासातलं माणूस सोबत न्या. महिला डॉक्टर हव्या असतील तर तसं मोकळेपणाने विचारा.
- भीती फार तीव्र असेल, जुना प्रसंग सारखा डोळ्यांसमोर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. ईएमडीआर प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यावं, व्हिडिओ बघून घरी करू नये.
- सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर आहे. ही सेवा मोफत आहे.
- चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला त्रास किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर थांबू नका. तंबाखू-गुटख्याची सवय असलेल्यांनी तर अजिबात नाही.

घरातलं कुणी दाताच्या डॉक्टरला घाबरत असेल, तर पुढच्या वेळी टोमणा मारण्याआधी एकच प्रश्न विचारूया: ‘तुझ्यासोबत काही झालं होतं का?’ कदाचित हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असेल.