शिक्का पुसला, संशय कायम

गावात घरफोडी व्हावी, आणि नेमकी त्याच सुमारास गावाबाहेरच्या माळावर पारध्यांची पाले पडलेली असावीत. मग तपासाची दिशा पंचनाम्याआधीच ठरून जाते. पुरावा मागाहून शोधला जातो, संशयित मात्र अगोदरच सापडलेला असतो. ही केवळ पोलिसांची खोड आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्यामागे गुन्ह्याविषयीचा एक जुना सिद्धान्त उभा आहे. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला. समाजाने अद्याप टाकलेला नाही.

इटलीतील बेकारिया याने १७६४ साली प्रतिपादन केले, की मनुष्य लाभहानीचा विचार करून वागतो. म्हणून गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर तिच्या अटळतेने व तत्परतेने. पुढे १८७६ मध्ये त्याच देशातील लोंब्रोसो याने नेमकी उलट दिशा धरली. काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी-जबड्याच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात, असे त्याचे म्हणणे. इंग्लंडमधील तुरुंगांत डॉक्टर असलेल्या चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली आणि असा वेगळा शारीरिक नमुना अस्तित्वातच नाही, हे १९१३ मध्ये दाखवून दिले.

आपल्याकडे इंग्रज सरकार लोंब्रोसोची वाट पाहत थांबले नव्हते. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, या तर्कावर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा राहिला. प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ठरावीक वेळी हजेरी, परवान्याविना गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडची वसाहत, असे जिणे हजारो कुटुंबांच्या वाट्याला आले. त्यांचा अपराध एकच: जन्म.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ मध्ये केला. कागदावर जमात जाऊन व्यक्ती आली, पण ठाण्यातील नोंदवहीची नजर बदलली नाही. ती नजर घरादारावर काय गुदरवते, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये मराठी वाचकांपुढे ठेवले.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये मांडलेला विचार येथे ध्यानात घ्यावा. समाज एखाद्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारतो, तेव्हा सरळ जगण्याच्या वाटाच त्याच्यासाठी बंद होऊ लागतात. ज्याला कोणी कामावर ठेवत नाही, ज्याच्या मुलाला शाळेत संशयाने पाहिले जाते, त्याने सचोटीने राहावे तरी कशाच्या आधारावर? म्हणजे ज्याला आपण प्रतिबंध म्हणतो, तोच पुष्कळदा गुन्ह्याची पेरणी करतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंग-नियमांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु निकालाने कायदा बदलतो, सवय बदलत नाही. ती बदलायची तर ठाण्यांतील जुन्या नोंदींची फेरतपासणी व्हावी, माळावरच्या वस्त्यांना हक्काची जागा व जातीचे दाखले मिळावेत, आणि तपासाचा आरंभ घटनास्थळापासून व्हावा, वस्तीपासून नव्हे.

ही केवळ दयेची भाषा नाही. निरपराध माणूस कोठडीत बसतो, तेव्हा खरा चोर मोकळा हिंडत असतो. शिक्षेची अटळता हीच जर गुन्ह्याला खीळ घालणारी असेल, तर जन्मावरून धरलेला संशय त्या अटळतेचाच घात करतो. पालावरच्या माणसाला न्याय मिळाल्याखेरीज वाड्यातल्या माणसाची तिजोरीही सुरक्षित राहणार नाही.