गुण आला, पण कशाने?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ आणि यकृताला सूज असलेले काही रुग्ण आले. डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयाच्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा त्यातल्या सहा जणांच्या हकिगतीत एक गोष्ट सामाईक निघाली. करोनाच्या धास्तीने हे सगळे गुळवेल घेत होते. डॉ. नगराळ मुंबईच्या जसलोक आणि नवी मुंबईच्या अपोलो या रुग्णालयांशी संबंधित आहेत. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहापैकी चौघांना यकृताचा तीव्र दाह झाला होता. उरलेल्या दोघांच्या यकृतात आधीपासूनच सिऱ्होसिस होता आणि तो अचानक बळावला होता. सहांपैकी एक रुग्ण दगावला.

गुळवेल आपल्याकडे कोणाला परकी नाही. कडुनिंबावर चढलेली वेल उत्तम मानतात, तापात तिचा काढा देतात, ‘अमृता’ असेही तिला म्हणतात. त्यामुळे तिला औषधांच्या यादीत कोणी धरत नाही. डॉक्टरांनी ‘काय काय घेता?’ असे विचारले, की माणूस रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो. सकाळचा काढा, केसांसाठीची कॅप्सूल, शेजाऱ्यांनी सुचवलेली हळदीची गोळी यांचा उल्लेख होत नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धोका इथेच आहे. जुनाट दुखण्याला कंटाळलेला माणूस स्वतःवर प्रयोग करणारच. थकवा वर्षानुवर्षे जात नाही, सांधे धरतात, डॉक्टरांकडे पाच मिनिटांच्या वर वेळ नसतो. अशा माणसाला वेड्यात काढणे मला मान्य नाही. पण ज्या प्रयोगाची नोंद कुठेच होत नाही, त्यातून ना त्याला काही शिकता येते ना वैद्यकाला.

गुळवेलीच्या अभ्यासावर जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने जोरदार आक्षेप घेतला. गुळवेलीशी यकृताच्या इजेचा संबंध जोडणे दिशाभूल करणारे आहे, रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे तपासलेलेच नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी वेल त्यांच्या पोटात गेली असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वनस्पतीची ओळख पटवण्याची मागणी रास्तच होती. बाजारातल्या चूर्णात काय आहे हे घेणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही आणि स्वतःवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येकालाही ही अडचण असतेच. पण विषय तिथे थांबला नाही. देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या डॉक्टरांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि २०२२ मध्ये ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल आणि इजा यांतला संबंध ठरावीक निकषांवर पारखला, तेव्हा ६७.४ टक्के रुग्णांमध्ये तो ‘संभाव्य’ ठरला. आधीपासून असलेला यकृताचा जुना आजार एकाएकी बळावणे, हे त्यांच्यात सर्वाधिक दिसलेले रूप होते.

याचे स्पष्टीकरण गुळवेलीच्या ख्यातीतच आहे. ती प्रतिकारशक्तीला चेतवते, म्हणूनच लोक ती घेत होते. पण काहींच्या शरीरात प्रतिकारशक्ती मुळातच स्वकीयांवर उलटण्याच्या बेतात असते. थायरॉइडचे काही विकार किंवा लहानपणी सुरू होणारा मधुमेह अशाच ‘ऑटोइम्युन’ बिघाडातून येतात. अशा शरीरातली प्रतिकारशक्ती चेतवली, तर ती यकृताच्या पेशींवर चालून जाऊ शकते. रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली आणि ज्यांची बायोप्सी झाली, त्यांच्या यकृतातही तशाच खुणा होत्या. काहींना यकृताचा ऑटोइम्युन आजार आधीपासून असावा, पण त्याचा पत्ता नसावा. यकृत तसे मुके असते. बराचसा भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करत नाही.

४३ रुग्णांच्या अभ्यासातला एक आकडा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, मध्यक काढला तर, ४६ दिवस होता. पंधरा दिवस घेऊन पाहिले, काही बाधले नाही, असा निर्वाळा आपण सहज देतो. त्या हिशेबात हे रुग्ण महिनाभर ‘उत्तम’ होते. आता ४३ ही संख्या लहान आहे आणि गुळवेल घेणाऱ्या एकूण लोकांपैकी किती जणांना इजा होते, हे असल्या अभ्यासातून कळत नाही. कोणाला जास्त जपायला हवे, हे मात्र कळते. मुंबईच्या अभ्यासाने ऑटोइम्युन विकारांकडे कल असलेल्यांना सावध केले होते. दीर्घ आजाराने त्रासलेले आणि म्हणूनच काढे-गोळ्या करून पाहणारे अनेक जण नेमके याच गटातले असतात.

इजेचे असे, तर गुण येण्याचे काय? तिथेही डोळ्यांना चकवा बसतो. गुडघा सर्वांत जास्त ठणकतो त्या आठवड्यात माणूस नवी गोळी आणतो. जुनाट दुखण्याला भरती-ओहोटी असते. टोकाला पोचलेले दुखणे काही दिवसांत आपोआप थोडे उतरतेच आणि श्रेय गोळीला मिळते. त्यात गोळीसोबत त्याने चालायला सुरुवात केलेली असते, रात्रीचे जेवण लवकर आणलेले असते. चांगले वाटण्याची अपेक्षाही आपले काम करते. हे सगळे वेगळे काढायची पद्धत वैद्यकात आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गयाट आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती एकाच रुग्णावर वापरून दाखवली. दम्याच्या एका रुग्णाला काही काळ खरे औषध आणि काही काळ तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आलटून पालटून दिली. कधी काय मिळते आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. तो रोज आपल्या लक्षणांना गुण देत गेला. निष्कर्ष असा निघाला, की त्याला चालू असलेल्या थिओफिलिन या औषधाने त्याचा दम वाढतच होता. ते बंद केले. एका माणसावरचा प्रयोग शास्त्रशुद्ध होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

घरी इतके जमणार नाही. एका वेळी एकच बदल, आधीच्या दोन-तीन आठवड्यांची लक्षणांची नोंद, मग गोळी, मग खंड, एवढे वहीत उतरवणे मात्र जमते. पण प्रत्येक पदार्थ अशा चालू-बंद खेळाला दाद देत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व शरीरातल्या चरबीत साठते. आठवड्याला एक म्हणून लिहून दिलेली ६०,००० युनिटची मात्रा कोणी रोज घेतली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाची इजा इथपर्यंत मजल जाते आणि गोळी थांबवली तरी परिणाम लगेच ओसरत नाही. ब-६ ची तऱ्हा आणखी विचित्र. पायाला मुंग्या येतात म्हणून ते घेतले जाते आणि मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतल्यास त्याच मज्जातंतूंना इजा करून मुंग्या आणते. मग माणूस मात्रा आणखी वाढवतो.

बायोटिन तर रिपोर्टच बदलून टाकते. रोजची गरज आहे सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांसाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ते १०,००० मायक्रोग्रॅम असते. थायरॉइडच्या कित्येक तपासण्यांत रसायने पकडून ठेवण्यासाठी बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तात ते भरमसाट असले, की टीएसएच खोटे कमी दिसते आणि टी-३, टी-४ खोटे जास्त. थायरॉइड कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट ती जास्त असल्याचे सांगतो आणि तिच्या औषधाची मात्रा उगाच उतरवली जाते. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवले, तर हे टळते. पण त्यासाठी ती गोळी घेते हे कोणाला तरी कळायला हवे.

मात्रेचा विषय निघाला, तर खारघरचे उदाहरण घ्यायलाच हवे. टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या संशोधन संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट बरीच वर्षे रेझव्हेरॅट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणावर काम करतो आहे. रेझव्हेरॅट्रॉल द्राक्षाच्या सालीत असते. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांचे) कण निरोगी पेशींना इजा करतात आणि हे मिश्रण त्या कणांना नष्ट करते, अशी त्यांची मांडणी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्करोगासाठीच्या शंभर रुपयांच्या गोळीची बातमी देशभर गाजली, ती हीच. माणसांवरचे अभ्यास अजून लहान आहेत. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरचा २०२५ चा अभ्यास वीस रुग्णांचा होता, त्यातल्या दहांनाच गोळ्या दिल्या होत्या. या अभ्यासांत वापरलेली एका वेळची मात्रा आहे रेझव्हेरॅट्रॉल ५.६ मिलिग्रॅम आणि तांबे ५६० नॅनोग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. मेडिकलमधून एक मिलिग्रॅम तांब्याची गोळी आणून कोणी ‘तोच’ उपाय सुरू केला, तर त्याच्या पोटात अभ्यासातल्यापेक्षा सुमारे १,८०० पट तांबे जाते. घटकांची नावे जुळली तरी प्रयोग निराळाच होतो. कर्करोगाचा उपचार चालू असताना तर असे काहीही आपल्या डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सांगायचे कसे, तर बाटलीच घेऊन जावे. नाव, कंपनी, बॅच क्रमांक, कधी सुरू केले, दिवसाला किती, सोबत आणखी काय, हे सगळे डॉक्टरांना लागते. लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणे, यातले काही झाले तर गोळी वा काढा त्याच दिवशी थांबवून यकृताच्या तपासण्या कराव्यात आणि बरे वाटल्यावर ‘तेच होते का’ हे पाहायला ते पुन्हा सुरू करू नये, कारण दुसऱ्या वेळची इजा पहिलीपेक्षा वेगाने आणि तीव्र होऊ शकते. त्रास कशाने झाला याची खात्री नसली, तरी नुसता संशय कळवता येतो. भारताच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि तिथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णही स्वतः तक्रार नोंदवू शकतो.