राइस स्मारक चर्च आणि कन्नड विद्या

बंगळूरच्या अव्हेन्यू रोडवरील राइस स्मारक चर्चची आजची वास्तू बेंजामिन राइस यांच्या निधनानंतरची आहे. लंडन मिशनचे हे धर्मोपदेशक १८३७ मध्ये बंगळुरास आले व १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राबले. धर्मांतरितांच्या संख्येवरून त्यांचा प्रभाव मोजणे अपुरे ठरेल. कन्नडातील उपदेश, शाळा, बायबलच्या कन्नड अनुवादाची सुधारणा यांतून तो चर्चच्या भिंतींबाहेर पोहोचला. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’कार लुईस राइस हे त्यांचे पुत्र; कन्नडची गोडी त्यांना घरातच लागली असे मानण्यास हरकत नसावी. लुईस यांच्या ग्रंथमालेत १८९८ मध्ये ‘कविराजमार्ग’ प्रथम छापला गेला. त्याचे संपादक काशिनाथ बापूजी पाठक हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी निगडित संस्कृतज्ञ. कन्नड देशाची सीमा गोदावरीपर्यंत सांगणारा हा ग्रंथ मराठीच्या इतिहासकारालाही टाळता येत नाही.