देहलीदीप आणि गृहशोभा

संस्कृत शास्त्रग्रंथांत ‘देहलीदीपन्याय’ प्रसिद्ध आहे. उंबरठ्यावर ठेवलेला एकच दिवा घरही उजळतो आणि अंगणही. दिव्याचे मोल त्याच्या स्थानावरून ठरते, हे त्यातील मर्म. दीपावलीनिमित्त शोभेचे दिवे घेताना गृहस्थांनी ते ध्यानी धरावे.

दिव्याच्या खोक्यावर प्रकाशाच्या छटेचे माप केल्विनमध्ये छापलेले असते. समईची ज्योत सुमारे १९०० केल्विनची. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र झोतात ती निस्तेज भासते. म्हणून देवघरात २७०० केल्विनचा, पिवळसर व मंद एलईडी दिवा आडोशाने लावावा. समईचे तेज तिचेच राहू द्यावे.

पोथी वाचणाऱ्या वृद्धांना मात्र भरपूर प्रकाश हवा. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. तो खांद्यामागून पानावर पडावा, डोळ्यांवर येऊ नये. दिवाणखान्यात झुंबर झळकते आणि आजीला ओवीचे अक्षर दिसत नाही, तर ते वैभव कोणासाठी?

आणि उंबरठ्यावर पणती अवश्य ठेवावी. येणाऱ्यास वाट दिसावी, घरच्यांस अतिथीचे मुख.