तारा, दीर्घिका आणि विश्व : अंतराचे कोडे कसे सुटले?

‘शुक्राची चांदणी’ हा मुळात तारा नाही, तो ग्रह आहे. ‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाळूच्या कणाएवढा धूलिकण पृथ्वीच्या वातावरणात जळून गेलेला असतो. ‘आकाशगंगा’ हा शब्द तर रात्रीच्या आकाशातील पांढुरक्या पट्ट्यासाठी वापरला जातो आणि दूरच्या कोणत्याही तारकासमूहासाठीही. बोलण्यातील हा घोळ क्षम्य मानायला हवा. कारण आपली आकाशगंगा कोठे संपते आणि तिच्या पलीकडे काही आहे की नाही, याविषयी १९२० सालापर्यंत खुद्द खगोलशास्त्रज्ञांतही एकमत नव्हते.

तारा म्हणजे स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधला गेलेला तप्त वायूचा गोळा. सूर्य हा असाच एक तारा. त्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातील सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. हा खर्च ऐकून छातीत धस्स होत असले, तरी सूर्याकडे अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल एवढे इंधन शिल्लक आहे. त्याहून कितीतरी पट वजनदार असलेले तारे मात्र उधळ्या स्वभावाचे असतात. मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी हा तारा जेमतेम एक कोटी वर्षांचा असूनही म्हातारपणाला टेकला आहे. २०१९च्या अखेरीस तो अचानक मंदावला, तेव्हा त्याचा स्फोट जवळ आल्याची चर्चा जगभर झाली होती. प्रत्यक्षात त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीच्या ढगाने त्याचा चेहरा झाकला होता.

सूर्यप्रकाश पृथ्वीवर पोहोचायला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश यायला मात्र सव्वाचार वर्षे लागतात. म्हणूनच ‘प्रकाशवर्ष’ हे एकक वापरावे लागते. नावात वर्ष असले, तरी ते काळाचे नव्हे, अंतराचे माप आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

एका ढगावरून रंगलेला वाद

अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला समूह म्हणजे दीर्घिका. आपली दीर्घिका, म्हणजेच आकाशगंगा, सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे आणि सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी शर्मिष्ठा आणि भाद्रपदांचा चौकोन यांच्या मधोमध, अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनीही एक पुसटसा ढग दिसतो. दहाव्या शतकात पर्शियातील अल् सूफी यांनी त्याची नोंद केली होती. हा ढग आपल्याच आकाशगंगेतील आहे की ती एक स्वतंत्र दीर्घिका आहे, असा तो प्रश्न होता.

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांनी यावर आपापली बाजू मांडली. आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षे रुंद असून असे ढग तिच्याच परिसरातील आहेत, असे शॅप्लींचे म्हणणे होते. कर्टिस यांच्या मते आकाशगंगा त्याहून खूपच लहान आणि हे ढग म्हणजे दूरच्या स्वतंत्र दीर्घिका होत्या. सूर्य केंद्रापासून दूर आहे, हे शॅप्लींचे म्हणणे खरे ठरले आणि ढगांविषयी कर्टिस बरोबर ठरले. पण त्या दिवशी निकाल लागणे शक्यच नव्हते, कारण त्या ढगाचे अंतर खात्रीने मोजण्याची पट्टी त्यावर कोणी लावलेली नव्हती.

ती पट्टी तोवर तयार झाली होती आणि ती तयार करणाऱ्या बाईंना तासाला ३० सेंट मजुरी मिळत असे. हेन्रिएटा लेव्हिट या हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रणाच्या काचा तपासण्याचे काम करीत. त्यांना ऐकूही कमी येत असे. रात्री दूरच्या डोंगरावर दिवा दिसला, तर तो जवळची चिमणी आहे की लांबची पेट्रोमॅक्स, हे नुसत्या उजेडावरून ठरवता येत नाही. ताऱ्यांचेही तसेच आहे. सेफीड नावाचे रूपविकारी तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. या चढउताराचा काळ जितका मोठा, तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, असा नियम लेव्हिट यांनी १९१२ मध्ये २५ ताऱ्यांवरून मांडला. काळ मोजला की दिव्याची खरी शक्ती कळते. ती कळली की तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीतील त्या ढगाचे छायाचित्र घेतले. त्यातील एका ठिपक्याला त्यांनी आधी नवतारा समजून खूण केली होती. नंतर ती खोडून त्यांनी तो रूपविकारी तारा असल्याचे लिहिले. तो सेफीड होता, चढउताराचा काळ सुमारे ३१ दिवस. हिशेब केल्यावर अंतर निघाले नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. शॅप्लींच्या ऐसपैस आकाशगंगेतही ते मावणारे नव्हते. हबल यांचे पत्र हाती आल्यावर, याने आपले विश्वच मोडले, असे शॅप्ली म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफीड दोन प्रकारचे असल्याचे दाखवून पट्टी दुरुस्त केली. आज देवयानी दीर्घिकेचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

लेव्हिट यांना यातले काही पाहता आले नाही. डिसेंबर १९२१ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. त्याची कल्पना नसलेल्या स्वीडनच्या गणितज्ञ मिटॅग-लेफ्लर यांनी १९२५ मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचविण्याच्या हेतूने त्यांना पत्र पाठवले.

पट्टी एक, उत्तरे दोन

तारे, दीर्घिका, त्यांमधले अवकाश आणि काळ हे सारे मिळून विश्व. दूरच्या दीर्घिका जितक्या लांब, तितक्या वेगाने दूर जात आहेत, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. विश्व प्रसरण पावते, या निष्कर्षाला १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र आधीच पोहोचले होते. पुण्यात ‘आयुका’ उभारणारे डॉ. जयंत नारळीकर यांनी महास्फोटाच्या सिद्धान्तावर दीर्घकाळ शंका घेतली आणि पर्यायी मांडणीही केली. बहुसंख्य शास्त्रज्ञ मात्र १९६५ मध्ये सापडलेले वैश्विक सूक्ष्मलहरींचे प्रारण हा महास्फोटाचा भक्कम पुरावा मानतात. त्यानुसार विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे येते.

प्रसरणाचा नेमका वेग किती, यावर मात्र अजून तंटा आहे. सेफीड तारे पायाशी धरून मोजले, तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे तो सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटरने वाढतो. सूक्ष्मलहरींवरून हिशेब केला, तर आकडा ६७च्या आसपास येतो. चूक लेव्हिट यांच्या पट्टीत असावी, अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीने तेच तारे अधिक स्पष्ट पाहिले, तेव्हा सेफीडांची आधीची मोजणी बरोबर ठरली. दोन आकड्यांमधील फरक तसाच आहे.