इंजिन बसवलेली सायकल आणि कायदा

मसाटच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की सायकलींची रांग लागते. कामाच्या थकव्यानंतर पायडल मारायचे जिवावर येते, म्हणून सायकलच्या त्रिकोणी सांगाड्यात छोटे पेट्रोल इंजिन बसवून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याआधी एक आकडा पाहावा: २५ सीसी.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असेल, तर ते ‘मोटार वाहन’ ठरत नाही. बाजारातली बरीच इंजिने मात्र ४९ किंवा ८० सीसीची असतात. ती बसवली की नोंदणी, विमा, परवाना, हेल्मेट सगळेच लागू होते. खरी अडचण नोंदणीची आहे. मान्यताप्राप्त नमुन्याशिवाय ती होत नाही आणि घरी जोडलेल्या सायकलला ती मान्यता कुठून मिळणार? विनानोंदणी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यालाच २ ते ५ हजार रुपये दंड होतो. १६ वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा परवाना मिळू शकतो, पण त्याने नोंदणीचा प्रश्न सुटत नाही.

दंडाहून मला भीती वाटते ब्रेकची. रबराचे ते दोन तुकडे पायडलच्या वेगासाठी बनवलेले. पावसात रिम ओली झाली की ते नुसते घसरतात.

विजेच्या सायकलचा नियम सोपा आहे. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेग आणि चाचणी संस्थेची मान्यता असेल, तर नोंदणी लागत नाही. घेताना विक्रेत्याकडून ते प्रमाणपत्र मागून घ्या.